लहान मुलांचे जुलाब आणि कुपोषण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुलाला जुलाब लागले की घरात दोनच प्रश्न असतात, थांबणार कधी आणि औषध कुठलं द्यायचं. तिसरा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही, तो म्हणजे गेल्या महिन्यात वजन किती होतं आणि आता किती आहे. इथले बरेचसे प्रश्न फिरून फिरून त्या तिसऱ्यापाशीच येतात, त्यामुळे थोडं रिपीट झालं तर सांभाळून घ्या.

जुलाब आणि कुपोषणाचा संबंध काय? जुलाब म्हणजे तर पोटाचं इन्फेक्शन ना?

इन्फेक्शनच आहे, पण ते जिथे होतं तिथूनच अन्न अंगात जायचं असतं, खरी गोची तिथेच आहे. एकाच वेळी चार बाजूंनी मार बसतो. भूक मरते म्हणून मूल खात नाही, जे खातं ते नीट शोषलं जात नाही, शीतून पाणी-मीठ तर जातंच पण झिंक आणि प्रोटीनही जातं, आणि ताप असेल तर शरीर नेहमीपेक्षा जास्त ऊर्जा जाळतं. म्हणजे आवक कमी आणि खर्च जास्त. वरून घरातली माणसं "पोटाला आराम" म्हणून खाणं बंद करतात, हा पाचवा मार, आणि हा आपण स्वतःच देतो.

आणि हे उलट बाजूनेही चालतं. खंगलेल्या मुलाला जुलाब जास्त दिवस टिकतात आणि जास्त जोराचे होतात, त्यातून ते अजून खंगतं. नेव्हिन स्क्रिमशॉ, कार्ल टेलर आणि जॉन गॉर्डन या तीन संशोधकांनी १९६८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेसाठी हे दुष्टचक्र सविस्तर मांडलं होतं, म्हणजे गोष्ट नवी नाहीये, फक्त घरापर्यंत अजून नीट पोचलेली नाही.

किती वेळा शी झाली की जुलाब म्हणायचं?

दिवसातून ३ किंवा जास्त वेळा पातळ शी, किंवा त्या मुलाच्या नेहमीच्या सवयीपेक्षा जास्त वेळा आणि जास्त पातळ. फक्त अंगावर पिणाऱ्या तान्ह्या बाळाची शी मुळातच पिवळी, सैलसर आणि बऱ्याच वेळा असते, ते जुलाब नाहीत. आणि घट्ट शी चार वेळा झाली तरी तेही जुलाब नाहीत. आई सांगत असेल की आजची शी वेगळी आहे तर तिचं ऐकावं, ती रोज बघते.

आतड्यात नेमकं काय होतं?

छोट्या आतड्याच्या आतल्या बाजूला मखमलीसारखे बारीक बारीक उंचवटे असतात. अन्न शोषायचं काम त्यांचं, आणि त्यांच्यावरच्या पेशी दर ३ ते ५ दिवसांनी नव्या येतात. रोटाव्हायरससारखा विषाणू नेमक्या याच पेशी मारतो. उंचवटे बुटके होतात, शोषायची जागा कमी होते, आणि दुधातली साखर पचवणारं एन्झाइम टोकावरच्या पेशींमध्ये असतं म्हणून ते सगळ्यात आधी कमी पडतं. कॉलराचं वेगळं, त्यात पेशी फारशा मरत नाहीत पण विषामुळे पाण्याचे नळच उघडे राहतात. शिगेला नावाचा जंतू मोठ्या आतड्याला जखमा करतो, म्हणून शीत रक्त आणि आव दिसते.

आता मुद्दा असा की उंचवटे परत उगवतात, मूल धडधाकट असेल तर आठवड्याभरात बरंच सावरतं, पण उगवायला माल लागतो, प्रोटीन, झिंक, व्हिटॅमिन ए. ज्याच्या अंगात आधीच काही शिल्लक नाही त्याची दुरुस्ती रेंगाळते, आणि ती पुरी व्हायच्या आत पुढचं इन्फेक्शन येऊन बसतं.

दोन-तीन दिवसांच्या जुलाबाने काय एवढं बिघडतं? वजन येतं की परत.

एखाद्या वेळी येतंच. सुरुवातीला जे वजन पटकन उतरतं त्यात बराचसा वाटा पाण्याचा असतो, ते ओआरएसने (पाकिटातली मीठ-साखरेची पावडर पाण्यात कालवून केलेलं द्रावण) एका दिवसात भरूनही येतं. पण त्याच्या मागे खरं मांस-चरबीचं वजन गेलेलं असतं, ते असं परत येत नाही, त्याला खावं लागतं.

हिशोब बघा. साधारण वर्षाचं मूल दिवसाला ८-१० ग्रॅमच्या आसपास वाढतं. आठवडाभर जुलाब, त्यानंतर आठवडाभर भूक नाही, म्हणजे दोन आठवड्यांची वाढ गेली आणि वर काही ग्रॅम तोटा. हे वर्षात एकदा झालं तर कळणारही नाही. सहा वेळा झालं तर तीन महिने गेले, आणि दोन वर्षांच्या आयुष्यात तीन महिने म्हणजे काय ते तुम्हीच सांगा.

१९६० च्या दशकात ग्वाटेमालातल्या सांता मारिया काउके नावाच्या खेड्यात लिओनार्डो माटा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांना जन्मापासून फॉलो केलं, वजनाची रेघ काढली आणि तिच्या खाली प्रत्येक आजारपण लिहीत गेले. पहिले काही महिने अंगावरच्या दुधावर रेघ छान चढते, मग आजारांची रांग सुरू होते आणि रेघ आडवी पडते. त्या तक्त्यांमध्ये एकच मोठा आजार येऊन मुलाला पाडतो असं दिसत नाही, छोटे छोटे आजार एकावर एक येत राहतात आणि मधे सावरायला वेळच मिळत नाही, असं दिसतं. माझ्या मते सगळा विषय त्या मधल्या वेळाचाच आहे.

कोणत्या वयात सगळ्यात जास्त जपायचं?

६ महिने ते २ वर्षं. ६ ते ११ महिन्यांत तर जुलाबांचा कळस असतो. कारण एकदम सगळंच बदलतं, वरचं खाणं सुरू होतं आणि त्याबरोबर जंतू, मूल रांगायला लागतं आणि दिसेल ते तोंडात घालतं, आणि आईकडून आलेलं संरक्षण ओसरत असतं. आणि वाढीचा वेगही याच काळात खूप असतो, त्यामुळे नुकसान झालं तर मोठंच होतं.

दात येताना जुलाब होतातच ना, मग कशाला टेन्शन?

दातांमुळे जुलाब होत नाहीत. दात यायचं वय आणि सगळं तोंडात घालायचं वय एकच, म्हणून तसं वाटतं. हा समज निरुपद्रवी वाटतो पण यामुळे ओआरएस उशिरा सुरू होतं, म्हणून मला त्याचा राग येतो.

जुलाब चालू असताना खायला द्यायचं की पोट रिकामं ठेवायचं?

द्यायचं. इथे माझं काही जर-तर नाही. जुलाबातही खाल्लेल्यातला बराच मोठा भाग शोषला जातो, आणि अन्न पोचलं तरच आतड्याची दुरुस्ती लवकर होते. "खाल्लं की लगेच शी होते" हे खरं आहे, पण ती शी म्हणजे आत्ता खाल्लेलं जसंच्या तसं बाहेर पडलं असं नसतं, पोटात काही गेलं की आतडं हलतं इतकंच.

रोजचंच द्या, फक्त मऊ, नीट शिजवलेलं, ताजं आणि घट्टसर. घट्टसर हे महत्त्वाचं. मुलाचं पोट छोटं असतं, किलोमागे साधारण ३० ग्रॅम मावतं, म्हणजे ८ किलोच्या मुलाच्या पोटात एका वेळी पाव किलोच्या आतबाहेर. ती जागा पाणचट खाण्याने भरली तर मूल "पोटभर" खाऊनही उपाशी. चमचाभर तेल किंवा तूप, लोणी जे घरात असेल ते घालायला घाबरू नका, तेवढ्याच घासात ऊर्जा वाढते. थोडं थोडं, दर तीन-चार तासांनी. नको म्हणालं तर पंधरा मिनिटांनी परत विचारा, कोंबू नका, पण ताट उचलून ठेवून विषय संपवूही नका.

दूध बंद करायचं का?

अंगावरचं दूध अजिबात नाही, उलट जास्त वेळा पाजा. ६ महिन्यांच्या आतलं बाळ फक्त अंगावर असेल तर तेच मुख्य, सोबत ओआरएस. वरचं दूध घेणाऱ्या मुलाचंही सहसा बंद करावं लागत नाही, आणि पाणी घालून पातळ करायची गरज नसते. वर ते एन्झाइमचं लिहिलंय त्यामुळे काही मुलांना काही दिवस दूध झेपत नाही, दूध प्यायलं की फसफसून पाण्यासारखी शी होते आणि ढुंगण लाल होतं, असं दिसलं तर डॉक्टरांशी बोलून तेवढ्यापुरतं कमी करता येतं, दह्यासारखं आंबवलेलं दूध पचायला सोपं जातं. पण दूध कमी केलं तर त्या जागी दुसरं सकस काहीतरी आलंच पाहिजे, नाहीतर एकीकडे जुलाब सांभाळले आणि दुसरीकडे मूल उपाशी ठेवलं असं होतं.

ओआरएस दिलं तरी जुलाब थांबत नाहीत, मग उपयोग काय?

ते थांबवण्यासाठी नाहीच आहे, गेलेलं पाणी आणि क्षार भरून काढण्यासाठी आहे. साध्या पाण्याने हे होत नाही, कारण आतड्यात ग्लुकोज आणि सोडियम जोडीने आत शिरतात आणि त्यांच्या मागे पाणी जातं, आणि हा दरवाजा जुलाबातही बऱ्यापैकी चालू राहतो. सध्याच्या ओआरएसमध्ये सोडियम आणि ग्लुकोज दोन्ही लिटरमागे ७५ मिलिमोल असतात, मोजूनमापून ठेवलेलं आहे ते.

१९७१ च्या बांगलादेश मुक्तिसंग्रामाच्या वेळी पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासितांच्या छावणीत कॉलरा पसरला, सलाईनच्या बाटल्या संपत आल्या, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं द्रावण पिंपांतून वाटलं आणि नातेवाईकांनाच पाजायला लावलं. आधी मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास होतं ते ३.६ टक्क्यांवर आलं. पाजणाऱ्या बहुतेकांना काही ट्रेनिंग नव्हतं. म्हणजे तुम्हालाही जमेल.

प्रत्येक पातळ शीनंतर २ वर्षांच्या आत ५० ते १०० मिली, त्याच्या पुढे १०० ते २०० मिली. उलटी झाली तर १० मिनिटं थांबा आणि मग चमच्याचमच्याने द्या. पाकिटावर जेवढं पाणी लिहिलंय तेवढंच घ्या, कमी पाण्यात केलं तर ते जास्त खारट होऊन धोक्याचं ठरतं. बनवलेलं २४ तासांनी टाकून द्यायचं.

ज्यूस, कोल्ड्रिंक, ग्लुकोज पावडर चालेल का?

नाही. साखर जास्त, मीठ नाहीच्या बरोबर. एवढी साखर आतड्यात गेली की ती पाणी आत ओढण्याऐवजी बाहेर खेचते आणि जुलाब वाढतात. ओआरएससारखं दिसणारं गोड पेयही तसंच, लेबल वाचा.

झिंक कशाला? जुलाब तर थांबले.

पूर्ण कोर्स द्या, १० ते १४ दिवस. ६ महिन्यांच्या आत रोज १० मिलिग्रॅम, त्याच्या पुढे रोज २० मिलिग्रॅम. २००४ पासून जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ दोघंही हे सांगतायत. झिंकने आजारपणाचा काळ थोडा कमी होतो, आणि पुढचे दोन-तीन महिने परत जुलाब व्हायची शक्यताही कमी होते, म्हणजे तो मधला वेळ लांबतो. बहुतेक घरी तिसऱ्या दिवशी शी घट्ट झाली की गोळ्या कपाटात जातात. गोळी उलटून पडली तर पुन्हा द्या, चव कडवट असते, ओआरएसमध्ये किंवा दुधात विरघळवून चालते.

अँटिबायोटिक किंवा शी थांबवायची गोळी?

बहुतेक जुलाबांना अँटिबायोटिक लागत नाही, विषाणूवर तर चालतच नाही. शीत रक्त असेल, कॉलराचा संशय असेल, किंवा अजून काही कारण असेल तर डॉक्टर देतील. मोठ्यांची शी थांबवायची गोळी लहान मुलाला देऊ नका, आतडं सुस्त पडतं, पोट फुगतं, पाणी आतल्या आत साचतं आणि वरवर सगळं ठीक दिसतं, ते जास्त भयंकर.

लगेच दवाखान्यात कधी न्यायचं?

मूल मलूल पडलंय, उठवलं तरी डोळे उघडत नाही, पाणी पीत नाही किंवा अधाशासारखं पितंय, डोळे खोल गेलेत, बऱ्याच तासांत सू नाही, पोटाच्या कातडीला चिमटा काढून सोडला तर ती हळूहळू खाली बसतेय, शीत रक्त आहे, काहीही पोटात टिकत नाही, झटके आले, ताप खूप आहे. यातलं एक जरी असलं तरी निघा, वाटेतही ओआरएस चालू ठेवा (शुद्धीवर असेल आणि गिळत असेल तर). ३ महिन्यांच्या आतलं बाळ किंवा आधीच खूप बारीक असलेलं मूल असेल तर यातलं काही दिसेपर्यंत थांबूच नका.

मूल कुपोषित आहे हे घरी कसं ओळखणार?

नुसतं बघून नाही ओळखता येत, आणि रोज बघणाऱ्याला तर अजिबात नाही. ६ महिने ते ५ वर्षांच्या मुलाचा दंडघेर मोजतात, ११.५ सेंटिमीटरच्या खाली असेल तर तीव्र कुपोषण, ११.५ ते १२.५ च्या मधे असेल तर मध्यम. दोन्ही पायांवर सूज असेल, अंगठ्याने दाबल्यावर खड्डा पडून तसाच राहत असेल, तर वजन काहीही दाखवो, ते तीव्रच समजायचं, सुजेचं पाणी वजनात मोजलं जातं म्हणून काटा फसवतो. बुटकेपणा दंडावर कळत नाही, त्याला उंची मोजावी लागते.

तीव्र कुपोषित मुलाला जुलाब झाले तर तेच उपचार?

नाही, आणि इथेच मोठ्या चुका होतात. अशा मुलाच्या कातडीखाली चरबीच नसते, त्यामुळे चिमटा काढला तर पाणी कमी नसतानाही कातडी हळू बसते, डोळे तर कायमच खोल. म्हणजे खुणा फसव्या. घाईने भरपूर पाणी किंवा सलाईन दिलं तर अशक्त हृदयाला ते झेपत नाही आणि जीवावर बेतू शकतं. त्यांच्यासाठी मीठ कमी आणि पोटॅशियम जास्त असलेलं रिसोमाल नावाचं वेगळं द्रावण असतं, ते देखरेखीखाली, सावकाश देतात. सलाईन फक्त शॉकमध्ये, म्हणजे रक्ताभिसरण कोलमडलं असेल तर. घरी प्रयोग करायची ही वेळ नाही.

१४ दिवस झाले, जुलाब थांबत नाहीत.

याला वेगळं नाव आहे, चिवट जुलाब, आणि ते वेगळ्या नजरेनेच बघायचे. आधीपासूनचं कुपोषण, दूध न झेपणं, जिआर्डियासारखा परजीवी, लघवीचं किंवा दुसरं कुठलं इन्फेक्शन अशी कारणं शोधावी लागतात. इथे खाणं हेच मुख्य औषध आहे. "अजून दोन दिवस बघू" असं म्हणत म्हणत तीन आठवडे झालेले असतात आणि तोवर मूल अर्धं झालेलं असतं.

जुलाब बरे झाले, आता काय करायचं?

आता खरं काम सुरू. किमान दोन आठवडे रोज एक जेवण जास्त. आजारपण संपलं की भूक खवळते, तेव्हा मूल नेहमीपेक्षा जास्त खातं आणि नेहमीपेक्षा वेगाने वाढूही शकतं, पण ते मागेल तेव्हा समोर काहीतरी हवं. नेमकं तेव्हाच घरचे दमलेले असतात, रजा संपलेली असते, मूल खेळायला लागलेलं असतं म्हणून सगळे निश्चिंत. शी घट्ट झाली त्या दिवशी आजारपण संपलं असं धरू नका, वजन आधीच्या रेघेवर परत आलं की धरा.

जुलाब फारसे होत नाहीत, खातंही बरं, तरी वाढत का नाही?

असंही होऊ शकतं. आजूबाजूला विष्ठेचे जंतू कायम असतील तर ते पोटात जात राहतात, दिसणारे जुलाब नसतात, पण आतड्याला कायम हलकी सूज राहते, ते उंचवटे बुटके राहतात आणि आतड्याची भिंत गळकी होते. आठ ठिकाणी झालेल्या माल-एड या मोठ्या अभ्यासात शिगेला, कॅम्पिलोबॅक्टर, जिआर्डिया असे जंतू जुलाब नसलेल्या मुलांच्या शीतही सापडले आणि अशा मुलांची वाढ कमी होती. म्हणून फक्त जुलाब मोजून भागत नाही. अर्थात वाढ न होण्याची इतरही कारणं असतात, ती तपासून घ्या.

मग स्वच्छ पाणी आणि संडास मिळाला की प्रश्न सुटला?

मलाही असंच वाटायचं. बांगलादेश, केनिया आणि झिम्बाब्वेत मोठ्या चाचण्या झाल्या, निकाल २०१८-१९ च्या सुमारास आले. घरोघरी हात धुण्याची सोय, पाण्यात क्लोरीन, सुधारलेले संडास, सगळं दिलं. बांगलादेशात जुलाब कमी झाले, बाकी दोन ठिकाणी तसं झालं नाही, आणि उंची तर तिन्हीकडे नुसत्या स्वच्छतेने वाढली नाही. पूरक आहाराने थोडी वाढली. यावरून काहींनी स्वच्छतेचा उपयोगच नाही असं काढलं, ते चूक आहे, साबणाने हात धुतल्याने जुलाब जवळपास ३० टक्के कमी होतात. मला यातून एवढंच दिसतं की जिथे सगळा परिसरच घाण आहे तिथे एका घरात साबण ठेवून आतडं वाचत नाही, आणि खाणं कमी असेल तर वाचलेलं आतडंही वाढवणार काय.

लस?

रोटाव्हायरसची आहे, तोंडात थेंब, पहिला डोस ६ आठवड्यांपासून. २००९ पासून जागतिक आरोग्य संघटना सगळ्या देशांना सुचवते. सगळे जुलाब थांबणार नाहीत, पण सगळ्यात जोराचे जे असतात त्यातले बरेच टळतात. गोवराचीही चुकवू नका, गोवरानंतरचे जुलाब मुलाला वाईट खंगवतात.

उंची खुंटली असेल तर ती भरून येते का?

वजन लवकर येतं, उंची हळू, आणि दोन वर्षांनंतर अजून अवघड, अगदी अशक्य नाही. पाच देशांतल्या नऊ अभ्यासांचा डेटा एकत्र करून २००८ मध्ये छापलेल्या विश्लेषणात २४ महिन्यांच्या वयाला दिसणाऱ्या खुरटेपणातला साधारण २५ टक्के वाटा पाच किंवा जास्त वेळा झालेल्या जुलाबांचा निघाला. बाकीचा वाटा अर्थातच इतर गोष्टींचा, जन्माचं वजन, आहार, आईची तब्येत. पण त्याच्यात एक दिलासाही आहे, मधे जुलाब नसलेले महिने मिळाले आणि त्या महिन्यांत पोटभर सकस खायला मिळालं तर मुलं बरंच अंतर भरून काढतात. त्यासाठी दर महिन्याला वजन आणि दर दोन-तीन महिन्यांनी उंची चार्टवर टाकत राहा, एक ठिपका काही सांगत नाही, तीन-चार ठिपके जोडले की रेघ चढतेय की आडवी पडलीय ते दिसतं, आणि आडवी पडली असेल तर पुढच्या जुलाबाची वाट न बघता तो चार्ट घेऊन डॉक्टरांकडे जा.